पिस्टनची साक्ष

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळी वारा उतरला तेव्हा दक्षिण रायगड, मंडणगड आणि दापोलीत अंगणातून रस्त्यावर जायला वाट उरली नव्हती. आंबे, फणस, सुपाऱ्या, सुरू, विजेचे खांब, सगळं एकमेकांवर आडवं. हमरस्ते सरकारी पथकांनी मोकळे केले. वाडीतल्या वाटा, परसू आणि बागा मात्र ज्याच्या त्याने साफ करायच्या होत्या. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत घेऊन एका जुन्या आंब्याचे तुकडे करायला दिवस जातो, आणि इथे एकेकाच्या बागेत डझनांनी झाडं पडलेली. त्या पावसाळ्यात या पट्ट्यात चेनसॉ आले. मिळेल तिथून आले, मिळेल त्या कंपनीचे आले. कुणी महाड-चिपळूणच्या शेती अवजारांच्या दुकानातून आणला, कुणाच्या मुंबईतल्या भाच्याने ऑनलाइन मागवून धाडला, कुणी लाकूडवाल्याचा जुनाच उचलला.

कुठल्याही मासिकाला जमली नसती अशी चाचणी त्यातून आपोआप होऊन गेली. झाडं तीच, खारी हवा तीच, पंपावरचं पेट्रोल तेच, फक्त मशीनं वेगळी. मग चार महिने काम आणि आठ महिने पडवीतल्या कोपऱ्यात धूळ. पाच वर्षांनी त्या मशीनांचं काय झालं हे बघायचं तर दुकानात नाही, दुरुस्तीच्या शेडमध्ये जावं लागतं.

दापोली तालुक्यातल्या अशाच एका शेडमध्ये मी जाऊन बसलो. मालकांना सगळा बाजार नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतो. साठीच्या पुढचे गृहस्थ. उमेदवारी राजदूत आणि लूनावर झाली, संसार एम-एटीवर उभा राहिला. कोकणात मासळीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली एम-एटी असण्याचा एक काळ होता. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक गाड्या बंद पडल्या आणि मिस्त्रींच्या हातातली विद्या बेकार होते की काय असं झालं. तेवढ्यात गवत कापायची मशीनं आली, औषध फवारायचे पंप आले, आणि वादळाने चेनसॉ आणले. इंजिन तेच, फक्त चाकाच्या जागी चेन. पोरं फ्युएल इंजेक्शन आणि स्कॅनर शिकून बाहेर पडतात. कार्बोरेटर उघडणारे हात तालुक्यात दोन-तीनच उरलेत, आणि त्यांच्याकडे रांग आहे.

शेडच्या भिंतीवर मशीनं टांगलेली. प्रत्येकाच्या हँडलला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर गावाचं नाव आणि तक्रार. ‘ओढत नाही.’ ‘गरम झालं की बंद.’ ‘दोरी तुटली.’ ‘जाम.’ सगळ्यात जास्त ‘जाम’.

आधी ब्रँडचं बोलू, कारण येणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. जागतिक बाजारात ही लढत मुख्यतः दोन नारिंगी कंपन्यांची आहे. स्टिल जर्मनीची. आंद्रेआस स्टिलने १९२६ मध्ये श्टुटगार्टमध्ये सुरू केलेली आणि आजही घराण्याच्याच ताब्यात असलेली. भारतातला तिचा कारभार पुण्यातून चालतो. हुस्कवार्ना स्वीडनची. तिचा जन्म १६८९ चा, राजाच्या सैन्याला बंदुका पुरवणारा कारखाना म्हणून. पुढे शिलाई मशीन, सायकली, मोटरसायकली असं करत करत १९५९ मध्ये तिने पहिला चेनसॉ काढला. तिसरं जुनं नाव डोलमार. १९२७ मध्ये एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर आपलं मशीन चालवून दाखवलं, म्हणून कंपनीचं नाव डोंगराचं. ते पहिलं मशीन ५८ किलोचं होतं आणि उचलायला दोन माणसं लागत. डोलमार १९९१ मध्ये जपानच्या मकिताने घेतली, आणि मकिताने २०२२ मध्ये पेट्रोलची मशीनं बनवणंच थांबवलं.

कोकणातल्या गर्दीत मात्र सगळ्यात मोठा वाटा या तिघांचाही नाही. तो आहे चिनी ‘अठ्ठावन्न सीसी’चा. एकच मशीन, पन्नास नावं. लाल, पिवळं, निळं, हिरवं. कधी थेट नारिंगी-पांढरं, लांबून बघणाऱ्याची फसगत व्हावी म्हणून. या मशीनची कुळी झेनोआ या जपानी कंपनीच्या जुन्या आराखड्याकडे जाते, आणि गंमत अशी की झेनोआ २००७ पासून हुस्कवार्नाच्या मालकीची आहे. पाच-सात हजारांत मिळतं. कंपनीचं छोटं, तीस-बत्तीस सीसीचं मशीन त्याच्या तिप्पट-चौपट पैशाला.

“मग लोक अठ्ठावन्नच घेणार ना,” मिस्त्री म्हणाले. “अर्ध्याहून कमी पैसे आणि जवळजवळ दुप्पट सीसी. हिशेब चुकीचा नाय. पण तो सीसी कागदावरचा हो. ह्याच्या पोर्टचं घासकाम बघा,” असं म्हणत त्यांनी एक मोकळा सिलिंडर माझ्याकडे सरकवला. आतल्या खिडक्यांच्या कडा हाताला खरखरीत लागत होत्या. ओतकामातून निघाला तसाच पुढे गेलेला. तिथून गॅस नीट वाहत नाही, आणि त्याच कडांना अडकून पिस्टन रिंगचं टोक तुटतं.

पण याच चिनी मशीनबद्दल मिस्त्री एक चांगली गोष्टही सांगतात, आणि ती ऐकून मी चकित झालो. त्याचा क्रँककेस मधोमध उभा दुभागलेला आणि सिलिंडर वरून चार बोल्टांवर बसवलेला असतो. कव्हर काढलं, चार बोल्ट सोडले की ब्लॉक हातात. हीच बांधणी कंपन्या आपल्या महागड्या, जंगलात रोज आठ तास चालणाऱ्या मशीनांना देतात: स्टिलच्या एमएस २६१ ला, हुस्कवार्नाच्या ३७२ एक्सपीला. उलट स्टिलच्याच एमएस १७०, १८०, २५० या घरगुती आणि शेतकी मशीनांत इंजिन प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेलं असतं आणि त्याच्या तळाला एक पत्रा बेअरिंगं धरून ठेवतो. वजन घटतं, किंमत घटते. १८० चं मशीन बार-चेन सोडून चार किलोच्या आत राहतं, बाईमाणसालाही उचलवतं. पण पिस्टन बघायचा तर अख्खं इंजिन उपसून काढावं लागतं. म्हणजे स्वस्त नक्कल उघडणं सोपं, मधल्या दर्जाचं अस्सल मशीन उघडणं कटकटीचं. फरक एवढाच की नक्कल वर्षातून तीनदा उघडावी लागते.

कंपनीच्या नव्या मशीनांत आणखी एक पेच आहे. साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा जळका धूर बाहेर जाण्याची खिडकी अजून उघडीच असते. त्यामुळे पाव ते तिसरा हिस्सा पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. स्टिलच्या टू-मिक्स आणि हुस्कवार्नाच्या एक्स-टॉर्क इंजिनांत या दोन्हींच्या मध्ये नुसत्या हवेचा एक पडदा घालतात. आधी ती हवा बाहेर पडते, पेट्रोल आत राहतं. धूर कमी, खर्च कमी. त्याच्या वरच्या पायरीवर एम-ट्रॉनिक आणि ऑटोट्यून: कार्बोरेटरचं ट्यूनिंग स्क्रूने नाही, आतली चिप करते. उत्तम कल्पना. पण ती बिघडली तर कंपनीचं तपासणी यंत्र हवं, आणि ते ज्याच्याकडे आहे तो इथून लांब. मिस्त्रींचा या मशीनांवर राग नाही, ते फक्त त्यांना भिंतीवर टांगत नाहीत. “रत्नागिरीला न्या” म्हणून परत पाठवतात.

त्यांच्या टेबलामागे लाकडी खणांचं एक कपाट आहे. माझ्या मते ब्रँडचा निकाल तिथे लागतो. वरच्या खणात स्टिल १८० आणि २५० चे डायफ्राम किट, दोरीच्या स्प्रिंगा, ऑईल पंप. त्याखालचे दोन खण अठ्ठावन्नच्या सुट्या भागांनी ओसंडून वाहतात: ब्लॉक-पिस्टनचा संच, कॉइल, क्लच, सगळं. हुस्कवार्नाचे भाग अर्ध्या खणात. बाकी जगातल्या इतर सगळ्या कंपन्या मिळून एका बिस्किटाच्या डब्यात. एका बागायतदाराकडे परदेशातून नातेवाइकाने आणलेलं एक देखणं अमेरिकन मशीन आहे; फक्त एक इनटेक रबर फाटलं म्हणून ते बंद आहे आणि बंदच राहणार. यंत्र कितीही चांगलं असो, फाटलेलं रबर दोन दिवसांत बदलून मिळत नसेल तर कोकणात त्याचा भाव भंगाराचा. मला कुणी ‘कुठला घेऊ’ विचारलं तर मी त्याला विचारीन, तुझ्या मिस्त्रीचं कपाट बघितलंस का?

आता तो ‘जाम’.

मिस्त्री जाम मशीन घेतात तेव्हा आधी प्लग काढत नाहीत. दोन बोल्ट सोडून सायलेन्सर काढतात आणि त्या खिडकीतून बॅटरीचा प्रकाश आत टाकतात. समोर पिस्टनची कड दिसते. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा तशाच असतात. जाम झालेल्यावर उभे ओरखडे. आणि ते ओरखडे कुठे आहेत यावरून गुन्हा कुणाचा ते कळतं. फक्त धुराच्या बाजूला असतील तर तिथे उष्णता सगळ्यात जास्त म्हणून तेलाचा थर आधी तिथे फाटला: मिश्रणात तेल कमी, किंवा कुठून तरी हवा शिरून पेट्रोल पातळ झालेलं. चारही बाजूंनी असतील तर तेल घातलंच नव्हतं. आणि कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन निस्तेज, घासून पुसट झालेला असेल तर एअर फिल्टर फाटलेला आणि लाकडाचा भुसा आत गेलेला. गिऱ्हाईक काहीही सांगो.

“तेल घातलं होतं ना रे?” त्यांनी माझ्यासमोर एका पोराला विचारलं.

“घातलं होतं ना काका. बंदरावरचं.”

बंदरावरचं म्हणजे होडीच्या आउटबोर्ड मोटरचं टू-स्ट्रोक तेल. हर्णैच्या आसपास ते सहज मिळतं. पण ती मोटर पाण्याने थंड होते, चेनसॉ हवेने. त्या तेलाला एवढी उष्णता झेपत नाही. हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, बारीक. कंपनीच्या चांगल्या तेलाला प्रमाण एकास पन्नास, म्हणजे लिटरला २० मिली. साधं टू-टी असेल तर स्टिल एकास पंचवीस सांगते, लिटरला ४०. मिस्त्रींच्या दारात जुन्या खोकल्याच्या औषधाची मापाची झाकणं टांगलेली आहेत, फुकट. तरीही लोक ‘अंदाजाने’ ओततात.

टू-स्ट्रोकला तेलाची इतकी भूक का, हे थोडक्यात सांगायला हवं. ब्रिटनमधल्या बाथच्या जोसेफ डेने १८९१ च्या सुमारास पेटंट घेतलेल्या युक्तीवर हे इंजिन चालतं: पिस्टनच्या खालची पोकळी पंपासारखी वापरायची. पिस्टन वर गेला की खाली मिश्रण ओढलं जातं, खाली आला की तेच दाबलं जाऊन वरच्या खोलीत चढतं. झडपा नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग मोजके, म्हणून वजन कमी. पण ती पोकळी पंप म्हणून वापरल्यावर तिथे गाडीच्या इंजिनासारखं तेल भरून ठेवता येत नाही. वंगण जे काही मिळायचं ते पेट्रोलमधूनच. आणि ती पोकळी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन टोकांचे ऑईल सील कडक झाले, इनटेक रबराला केसभर चीर गेली, की बाहेरची हवा आत शिरते आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या मारणारं इंजिन उपाशीपोटी धावतं. आवाज तेव्हा फार छान येतो, टिपेचा. मालक खूश होतो. दहा मिनिटांत पिस्टन वितळतो.

ही चीर शोधायची मिस्त्रींची रीत बघण्यासारखी होती. इंजिन मंद गतीवर ठेवून त्यांनी वंगणाच्या फवाऱ्याची बारीक नळी रबराभोवती, मग कार्बोरेटरच्या बुडाशी, मग मॅग्नेटमागच्या सीलपाशी फिरवली. सीलपाशी आवाज क्षणभर जड झाला. त्यांनी मशीन बंद केलं. आत हवा तिथूनच जात होती. फवाऱ्याने चीर भरली की इंजिनाचा सूर बदलतो. मॅग्नेट काढून सील बदलून परत बसवताना कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ठेवायला त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा काढला. फट हवी साधारण ०.३ मिलिमीटर. “ही पत्रिका बरोब्बर बसते. नव्या, जाड, सोनेरी पत्रिका काय कामाच्या नाय.”

मग कार्बोरेटर. चेनसॉ आडवा, उलटा, कसाही धरावा लागतो. म्हणून त्यात फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो. खरं तर दोन. एक क्रँककेसच्या दाबावर धडधडत टाकीतून पेट्रोल खेचतो, दुसरा हवेच्या दाबाने खाली-वर होऊन एका इवल्या तरफेला ढकलतो, तरफ सुई उचलते, थेंबभर पेट्रोल आत. अख्खा खेळ त्या दुसऱ्या पडद्याच्या मऊपणावर. उघडून बघितला तर पापडासारखा कडक झालेला, बोटाने दाबला तर कुडकुडला. तरफ जागच्या जागी, सुई बंद, मशीन उपाशी. दोनशेच्या आतलं किट.

पडदा कडक का होतो? जुनं पेट्रोल. आणि इथे गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा आला आहे, इथेनॉल. आता पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात त्याचं कौतुकही आहे. पण चेनसॉच्या बहुतेक पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा लिहिलेली असते. गाडी रोज चालते, तिचं पेट्रोल आठवड्यात संपतं. चेनसॉच्या टाकीत तेच पेट्रोल मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत पडून राहतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्याहून जास्त ओल आणायची कुठून? ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-टी तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. पेट्रोल उचलणारा फिल्टर असतो तळाशी. म्हणजे पहिल्या मिनिटाला इंजिनात जातं ते बिनतेलाचं पाणीमिश्रित स्पिरिट. सरकारने इथेनॉल घालावं की नाही हा वेगळा वाद. निदान पंपावर ‘हे चार महिने साठवू नका’ एवढी पाटी लावायला काय हरकत आहे? मिस्त्रींचा उपाय फुकटचा आहे: काम संपलं की टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, कार्बोरेटर कोरडा होतो. शंभरात पाच जण करतात म्हणे.

किट बसवलं, टाकी धुतली, नवं मिश्रण भरलं. शेवटी ट्यूनिंग. छोटा स्क्रूड्रायव्हर, दोन स्क्रू: ‘एल’ मंद गतीचा, ‘एच’ वेगाचा. ‘एच’ आवळत नेला तसा आवाज चढत गेला, स्वच्छ, धारदार. मी म्हटलं, झालं. त्यांनी मान हलवली आणि स्क्रू थोडा परत सोडला. आवाज किंचित घोगरा झाला, मध्येच थबकल्यासारखा. मग बार ऐनाच्या ओंडक्यावर टेकवला: भार येताच घोगरेपणा गेला आणि सूर लागला. रिकामा असताना थोडा घोगरा, लाकडात स्वच्छ, हेच योग्य. रिकामाच स्वच्छ वाजला तर लाकडात तो उपाशी पडणार.

इंजिनाचं एवढं ऐकल्यावर सांगायला संकोच वाटतो, पण ‘ओढत नाही’ अशी चिठ्ठी असलेल्या मशीनांतल्या कित्येकांचं इंजिन ठणठणीत असतं. चेन बोथट असते. या चेनचीही एक कथा आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमधला लाकूडतोड्या जोसेफ बफर्ड कॉक्स १९४६ मध्ये एका खोडात लाकूड पोखरणारी अळी बघत बसला. अळीचे जबडे लाकूड खरवडत नव्हते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून तासून काढत होते. त्यावरून त्याने आळीपाळीने डाव्या-उजव्या तासण्यांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. आज जगभर चालते ती चेन मुळात तीच. ती अळी लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातली. आपल्या हापूसचं खोड आतून पोखरणारा भिरूडही त्याच कुळातला. कोकणातला बागायतदार भिरुडाला तारेने टोचून मारण्यात पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेला. त्याचे जबडे न्याहाळायला सवड कुणाला होती?

तासणीला धार लावायची गोल कानस असते, चेनच्या मापानुसार चार मिलिमीटर, ४.८, ५.५. तीस अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखे हात. दातापुढचं बुटकं टोक किती कापायचं ते ठरवतं; ते दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवं. लोक दाताला धार लावतात, या टोकाला हात लावत नाहीत, मग चेन लाकडावर नुसती सरकते. आणि जांभ्याच्या भूमीत आणखी एक शत्रू: खाली पडलेलं झाड तोडताना चेन एकदा, एकदाच, जमिनीला लागली की दिवसाची धार गेली. किनाऱ्यावरच्या सुरूच्या सालीत वाळू मुरलेली, माडाचा बुंधा तंतुमय आणि चिवट. अशा ठिकाणी टोकदार कोपऱ्याच्या चेनपेक्षा गोलसर कोपऱ्याची चेन बरी. हळू कापते, पण टिकते. भुसा बघा, मिस्त्री सांगतात. चिपा पडत असतील तर धार आहे. पीठ पडत असेल तर थांबा.

जोर लावून दाबणाऱ्याचं मशीन तापतं, बार वाकतो, आणि कधी बारचं टोक लाकडात अडकून मशीन उलटं तोंडावर येतं. कंपन्यांनी यासाठी चेन ब्रेक दिला. हुस्कवार्नाचा आपोआप लागणारा ब्रेक १९७३ चा. नकलांमध्ये ब्रेकचा दांडा असतो, पण आतला पट्टा बऱ्याचदा नावालाच. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनचा ब्रेक मिस्त्री लावून बघतात, पैसे न घेता. चालवणारे मात्र हाफ पँट आणि स्लिपरवर. चेन अडवणारे धाग्यांचे थर असलेली पँट मिळते, पण इथल्या उकाड्यात घालणारा मी अजून पाहिला नाही.

झाडांचं काय, असं मी विचारलंच. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ सगळे आहेत. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण कायदा लिहिला तेव्हा फणस पाडायला दोन गडी आणि एक दिवस लागायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागायचा. आता अर्धा तास. मिस्त्री यावर पटकन बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी मशीन दुरुस्त करतो. कुणाच्या बागेत जातं ते मी कसं सांगू? पण रात्री मशीन मागायला येणाऱ्याला मी म्हणतो, उद्या ये.”

मी निघायच्या बेतात असताना एक गृहस्थ जुनं सत्तर सीसीचं मशीन घेऊन आले. विकत घ्यावं की नाही विचारायला. विकणारा सोबतच होता. वीस हजार सांगत होता. मिस्त्रींनी दोरी धरून मशीन हवेत लोंबकळत सोडलं. ते हळूहळू, अडखळत खाली सरकलं. कॉम्प्रेशन आहे. सायलेन्सर काढून आत प्रकाश टाकला. उजव्या कडेला दोन उभे ओरखडे, नखाला जाणवतील न जाणवतील असे.

“बारा,” मिस्त्री म्हणाले.

विकणारा म्हणाला, “काका, कंपनीचं आहे, ओरिजिनल.”

“म्हणून बारा. नायतर तीन सांगितले असते.”

तेरावर सौदा ठरला, आणि घेणाऱ्याने लगेच नव्या रिंगचे पैसे विचारले.